मैंदर्गीकर मैंदर्गीला आले कुठून?

समजा, तुमचं आडनाव मैंदर्गीकर आहे. नसेल तर या लेखापुरतं लावून घ्या!

मैंदर्गी हे सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट तालुक्यातलं गाव. कर्नाटकची हद्द इथून अगदी जवळ. त्यामुळे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा इथं शेजारी-शेजारी नांदतात. शाळेत ‘इकडे ये’ म्हणणारा मुलगा घरी गेला की धाकट्या भावाला ‘इल्लि बा’ म्हणून हाक मारतो. या गावातून कधीतरी कुणीतरी बाहेर पडलं, सोलापूरला किंवा पुण्याला जाऊन राहिलं आणि तिथले लोक त्याला मैंदर्गीकर म्हणू लागले. यातली गंमत लक्षात आली का? मैंदर्गीत राहणाऱ्याला मैंदर्गीकर म्हणून काय उपयोग? तिथं सगळेच मैंदर्गीकर! गाव सुटलं की मगच गावाचं नाव चिकटतं. कन्नड वळणाच्या घरांत तर ‘कर’ही लावत नाहीत, नुसतं ‘मैंदर्गी’ हेच आडनाव.

म्हणजे तुमचं आडनाव एवढंच सांगतं, की तुमचं घराणं बाहेर पडलं ते या गावातून. पण त्याआधी? मैंदर्गीला ते आलं कुठून? कुणी पोटापाण्यासाठी आलं असेल, कुणी दुष्काळात, कुणी फौजेबरोबर, कुणी सासऱ्याच्या आधारानं. आडनावाला यातलं काहीच ठाऊक नाही.

हेळव्यांची वही

हा प्रश्न तुम्हाआम्हालाच पडला असं समजू नका. आपल्या भागात तो पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे आणि त्याचं उत्तर सांगणारी माणसंही आहेत. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकात फिरणारे हेळवी तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. सुगी झाली, घरात धान्य आलं, की पूर्वी बैलावर बसून, घंटा वाजवत हेळवी दारात यायचा. ओसरीवर बसून तो घराण्याची कुळकथा सांगायचा : मूळ गाव कोणतं, कुलदैवत कोणतं, तिथून निघाले ते कोण, त्यांना मुलगे किती, त्यातला कोण कुठल्या गावी गेला. घरात नवं मूल झालं असेल तर त्याचं नाव वहीत चढायचं. मग सुपातून धान्य आणि ऐपतीप्रमाणे कपडालत्ता, पैसे घेऊन स्वारी पुढच्या दारी. कन्नडात ‘हेळु’ म्हणजे सांग. सांगणं हाच यांचा पिढीजात धंदा.

त्र्यंबकेश्वरला किंवा काशीला गेलात तर तिथल्या तीर्थोपाध्यांकडेही अशा वह्या असतात. तुमचे पणजोबा यात्रेला आले होते का, कुणाबरोबर आले होते, हे त्यात सापडू शकतं. पणजोबांची सही पाहून डोळ्यांत पाणी आलेली माणसं आहेत.

पण वहीची एक अडचण असते. ती कुठंतरी सुरू झालेली असते. पहिल्या पानाच्या आधी काय, हे वही सांगू शकत नाही. शिवाय ऐकीव गोष्टीत भर पडते. कुणाचा पूर्वज साधा शिपाई असतो, तो सांगता सांगता सरदार होतो! मग दुसरी एखादी वही आहे का, जिच्यात कुणी भर घालू शकत नाही?

एका अर्थी आहे. ती तुमच्यापैकी निम्म्यांच्या अंगातच आहे.

न पिसलेलं पान

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे आणि जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रात ४६ गुणसूत्रं असतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांबच लांब धागा, नीट गुंडाळून ठेवलेला. ही गुणसूत्रं जोडीजोडीनं असतात. जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. एकूण २३ जोड्या. पुढच्या पिढीला देताना मात्र प्रत्येक जोडी पत्त्यांसारखी पिसली जाते. आईकडचे थोडे तुकडे, वडिलांकडचे थोडे तुकडे, असं नवं पान तयार होतं. म्हणून तर सख्खी भावंडंही एकसारखी नसतात.

तेविसावी जोडी जरा वेगळी. मुलींमध्ये तिथं दोन एक्स गुणसूत्रं असतात. मुलांमध्ये एक एक्स आणि एक वाय. हे वाय गुणसूत्र ठेंगणं आणि एकलकोंडं आहे. त्याला स्वतःसारखा जोडीदारच नाही. टोकांकडचा छोटासा भाग सोडला तर ते पिसलं जात नाही. बाबांकडे जसं आहे, जवळजवळ तसंच्या तसं ते मुलाकडे येतं. बाबांना ते आजोबांकडून मिळालं, आजोबांना पणजोबांकडून, पणजोबांना खापरपणजोबांकडून.

आता आडनाव आठवा. आपल्याकडे तेही बहुतेक घरांत याच वाटेनं येतं. आडनाव आणि वाय गुणसूत्र असे दोघं एकाच वाटेचे प्रवासी. फरक एवढाच, की आडनाव चारदोनशे वर्षांपूर्वी गाडीत बसलेलं असतं आणि वाय पार पहिल्या स्टेशनापासून बसून आहे.

या वायवर सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरं आहेत. ती पुन्हा-पुन्हा तीच ती येत असल्यामुळे वाचायला फार किचकट. माणसाचं वाय गुणसूत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सलग वाचून झालं ते २०२३ साली!

नकलेतल्या चुका

‘जवळजवळ तसंच्या तसं’ असं मी म्हटलं. सगळी मेख या ‘जवळजवळ’मध्ये आहे. वाय जर काडीइतकंही बदलत नसतं तर जगातल्या सगळ्या पुरुषांचं वाय सारखंच निघालं असतं आणि त्यावरून काहीच कळलं नसतं.

एक खेळ करा. कागदावर ‘गटागटागटा’ असं चौदा वेळा ‘गटा’ लिहा आणि मित्राला त्याची नक्कल करायला सांगा. त्याची नक्कल तिसऱ्याला द्या, तिसऱ्याची चौथ्याला. मध्येच कुणीतरी तेरा वेळा लिहील किंवा पंधरा वेळा. आणि त्याच्यापुढचे सगळे इमानेइतबारे ती चूकच उतरवून घेतील. वाय गुणसूत्रावर अशा ‘गटागटा’च्या अनेक जागा आहेत. एखाद्या जागी बापाचे चौदा असतात, मुलाचे पंधरा होतात आणि मग त्याच्या मुलाबाळांत पंधराच चालत राहतात. यानं तब्येतीला काही होत नाही, घाबरू नका. पण शास्त्रज्ञांना खूण मिळते. दोन पुरुषांच्या अशा ३७, ६७ किंवा १११ जागा मोजायच्या आणि ताडून बघायच्या. फरक जितका कमी, तितका दोघांचा सामाईक पूर्वज जवळचा.

दुसरी एक चूक फार क्वचित होते. एकच अक्षर बदलतं आणि मग हजारो वर्षं तसंच राहतं. नदीला फाटा फुटावा तसं. या फाट्यांवरून जगातल्या पुरुषांच्या वंशशाखा ठरवल्या आहेत आणि त्यांना इंग्रजी मुळाक्षरांची नावं दिली आहेत. आपल्या देशात एच, एल, जे, आर अशा शाखा बऱ्याच आढळतात. सगळ्या शाखा मागं मागं नेल्या तर त्या आफ्रिकेत जाऊन मिळतात. मैंदर्गीकरांची, लंडनकरांची आणि टोकियोकरांचीसुद्धा.

चाचणी अगदी सोपी असते. सुई नाही, रक्त नाही. कापसाचा बोळा लावलेली काडी गालाच्या आतून फिरवायची आणि नळीत घालून प्रयोगशाळेला पाठवायची. अमेरिकेत २००० सालापासून कंपन्या ही चाचणी घरबसल्या करून देऊ लागल्या. आपल्या देशात हैदराबादची सेंट्रर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी, म्हणजे सीसीएमबी, ही संस्था भारतातल्या निरनिराळ्या समाजांच्या डीएनएचा अभ्यास करत आली आहे. सोलापूरहून रात्री गाडीत बसलं तर सकाळी हैदराबाद!

आता समजा, सोलापुरातल्या एका मैंदर्गीकरांनी आणि नागपुरातल्या एका मैंदर्गीकरांनी ही चाचणी केली. एकमेकांना ते ओळखत नाहीत. ३७ पैकी ३७ जागा जुळल्या, तर दोघांचा बापाकडून येणारा पूर्वज एक आणि तोही फार लांबचा नव्हे. आणि वीस जागा जुळल्याच नाहीत तर? तर गाव एक, पूर्वज वेगवेगळे. ‘कर’ हे आडनाव गावाचं असतं, कुळाचं नव्हे. गावचा सुतार बाहेर पडला तरी मैंदर्गीकर, कुलकर्णी बाहेर पडला तरी मैंदर्गीकर आणि तेली बाहेर पडला तरी मैंदर्गीकरच.

कोकणातले ‘कर’

‘कर’ आडनावाच्या मागं काय-काय दडलेलं असू शकतं, याचं सगळ्यांत नवलाचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. त्यासाठी आपल्याला मैंदर्गीहून पार पश्चिमेला, अलिबागच्या किनाऱ्यावर जायला हवं.

पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर, नवगावकर. ही आडनावं ऐकून तुम्ही म्हणाल, त्यात काय, पेण, रोहे, दिवे, किहीम, नवगाव इथली माणसं! बरोबर. पण यातली बरीच घरं ज्यू धर्म पाळणारी आहेत. त्यांना बेने इस्राएल म्हणतात. त्यांची मायबोली मराठी. कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शनिवारी काम न करणं हा ज्यू धर्मातला पाळणूक-दिवस. मुंबईतलं त्यांचं सगळ्यांत जुनं प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधलं, ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर.

ते कोकणात आले कसे? त्यांच्यात सांगितली जाणारी कथा अशी : फार फार वर्षांपूर्वी एक गलबत नवगावजवळ खडकांवर आपटून फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं. आजही तिथं त्यांचं स्मारक आहे. वाचलेल्यांनी किनाऱ्यावर संसार थाटला आणि त्यांची प्रजा कोकणभर पसरली. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, त्यात ही कथा आहे. पण लिखित पुरावा नाही. गलबतातल्या कुणी रोजनिशी थोडीच ठेवली होती!

१९४८ साली इस्राएल देश स्थापन झाला आणि बेने इस्राएलांपैकी बरेच जण तिकडे गेले. तिथं जे घडलं ते वाचून वाईट वाटतं. तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या कार्यालयानं १९६२ मध्ये आदेश काढला, की बेने इस्राएलांचं लग्न नोंदवताना त्यांच्या आईची, आजीची वंशावळ तपासावी. म्हणजे, तुम्ही खरे ज्यू कशावरून? ज्यांनी शेकडो वर्षं कोकणात एकट्यानं आपला धर्म सांभाळला, त्यांनाच पुरावा मागितला गेला. ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी निदर्शनं केली, धरणं धरलं. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेनं ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यू आहेत. लक्षात घ्या, तेव्हा कुणाची कसली डीएनए चाचणी झालेली नव्हती. त्यांना न्याय मिळाला तो भांडल्यामुळे.

डीएनएची गोष्ट नंतरची. ती सुरू झाली एका डॉक्टरच्या डोक्यात आलेल्या शंकेवरून. कार्ल स्कोरेकी हे मूत्रपिंडाचे डॉक्टर एकदा प्रार्थनेला गेले होते. ज्यूंमध्ये ‘कोहेन’ म्हणून पुरोहितांची घराणी आहेत आणि ते कोहेनपण बापाकडून मुलाकडे येतं. स्कोरेकी स्वतः कोहेन. त्या दिवशी ग्रंथवाचनाला दुसरे एक कोहेन उठले. त्यांचं घराणं वेगळ्या देशातलं, रूप वेगळं. स्कोरेकींच्या मनात आलं : परंपरा म्हणते आम्ही दोघं एकाच पूर्वजाचे. मग आमचं वायही सारखं असायला हवं! तपासणी झाली आणि १९९७ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आला. कोहेन म्हणवणाऱ्यांच्या वायमध्ये खरंच बरंच साम्य होतं. पुढच्याच वर्षी सहा खुणांचा एक ठरावीक नमुनाही पुढं आला.

लंडनचे अभ्यासक ट्यूडर पार्फिट यांनी बेने इस्राएलांचे नमुने गोळा केले. त्यांतल्या काही पुरुषांमध्ये तोच नमुना मिळाला, अशी बातमी २००२ साली वर्तमानपत्रांत झळकली. झालं! ‘कोकणातल्या गलबताची कथा खरी ठरली’ असा गाजावाजा झाला.

पण थांबा. शास्त्रात एका बातमीवर गोष्ट संपत नाही. पुढं लक्षात आलं, की सहाच खुणांचा तो नमुना पश्चिम आशियातल्या कोहेन नसलेल्या, ज्यूही नसलेल्या पुष्कळ लोकांत सापडतो. फक्त सहा खुणा म्हणजे चेहऱ्याचं फक्त नाक पाहून ओळख पटवण्यासारखं! शिवाय वाय सांगणार बापाचं. आणि धर्मगुरूंचा प्रश्न होता आईचा!

आईकडचा धागा वेगळा असतो. पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे ऊर्जा तयार करणारे छोटे घटक असतात. त्यांचा स्वतःचा जेमतेम साडेसोळा हजार अक्षरांचा डीएनए असतो आणि तो आईकडून येतो. मुलालाही मिळतो, मुलीलाही. पण पुढं देते ती फक्त मुलगी. बेने इस्राएलांचा हा धागा तपासला, तेव्हा तो बराचसा भारतीय निघाला. मग २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि इस्राएलमधल्या तेल अवीव विद्यापीठांतल्या संशोधकांनी १८ बेने इस्राएल व्यक्तींचे धागे एकेकटे न पाहता सगळाच डीएनए तपासला. उत्तर निघालं दुहेरी. यांचे पूर्वज पश्चिम आशियातले ज्यूही आहेत आणि भारतीयही आहेत, आणि दोन्हींचा वाटा मोठा आहे. ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आला, भारतीय वाटा स्त्रियांकडून जास्त आला. आणि हे रक्त मिसळलं ते सुमारे १९ ते ३३ पिढ्यांमागे, म्हणजे साधारण साडेसहाशे ते एक हजार पन्नास वर्षांपूर्वी.

म्हणजे समुद्रावरून आलेले बाबा आणि कोकणातल्या आया. गलबतातल्या त्या सात स्त्रियांचं काय झालं, हे डीएनए सांगत नाही. गलबत फुटलं होतं की नव्हतं, हेही सांगत नाही. पण ज्यांना एकदा ‘तुम्ही आमचे नाही’ असं ऐकावं लागलं, त्यांच्या पेशीत दोन्ही किनारे आहेत एवढं मात्र नक्की. इस्राएलमध्ये त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. आता हे नाव कोणत्या गुणसूत्रावर शोधायचं?

आडनाव एक, वाय भलतंच

आता परत आपल्या अक्कलकोटाला येऊ. पूर्वी इथं भोसल्यांचं संस्थान होतं. १९४८ साली ते विलीन झालं. या संस्थानाच्या मूळ पुरुषाची कथा तुम्हाला ठाऊक आहे?

१७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याकडे निघाले. वाटेत पारद गावाजवळ तिथल्या लोखंडे पाटलाशी झटापट झाली. पाटील त्यात मारला गेला. त्याच्या बायकोनं आपला लहानगा मुलगा राणोजी महाराजांपुढं आणला आणि त्यांच्या पायांवर घातला. महाराजांना दया आली. त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. ती लढाई फत्ते झाली होती म्हणून त्याचं नाव ठेवलं फत्तेसिंह, आणि आडनाव दिलं आपलं, भोसले. याच फत्तेसिंहांना पुढं अक्कलकोट मिळालं.

चाचणीची काडी कुणी फत्तेसिंहांच्या गालावर फिरवली असती, तर वाय निघालं असतं लोखंड्यांचं. वाय आणि आडनाव या दोन सहप्रवाशांनी तिथं गाड्या बदलल्या! पण म्हणून ते शाहू महाराजांचे कुणी नव्हते का? महाराजांनी भर दरबारात ज्याला मुलगा मानलं, त्याच्या नात्याला वायची सही-शिक्का कशाला हवा? आपल्याकडे दत्तक घेण्याची चाल किती जुनी आहे, हे तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात पानोपानी दिसेल. तुमच्या वर्गातही एखादी मैत्रीण किंवा मित्र दत्तक आलेला असेल. त्यांची घराण्याची वही फत्तेसिंहांसारखीच, नव्या घराची.

असं इंग्लंडच्या राजघराण्यातही निघालं. राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला. त्याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरात चक्क मोटारी उभ्या करायच्या जागेखाली सापडला. त्याच्या बहिणीच्या वंशात, आईकडून मुलीकडे अशा धाग्यानं आलेले लोक आज हयात आहेत. त्यांचा मायटोकाँड्रियाचा डीएनए सांगाड्याशी जुळला. मग बापाकडच्या वंशावळीनं नातेवाईक ठरणाऱ्या पाच पुरुषांचं वाय तपासलं. राजाशी एकाचंही जुळेना! चौघांचं आपसात जुळलं, पाचव्याचं त्यांच्याशीही नाही. पाचशेच्या वर वर्षांच्या त्या वंशावळीत कुठंतरी कागदावरचा बाप एक आणि खरा बाप दुसरा असं झालं होतं. २०१४ मध्ये हे जाहीर झालं. एवढ्या जपून ठेवलेल्या राजघराण्याची ही कथा, तर तुमच्याआमच्या घराण्यांची काय बात! म्हणून ‘आमचं रक्त एकदम शुद्ध’ म्हणून छाती फुगवणारे लोक भेटले, की मला जरा हसू येतं. वायवर ना जात लिहिलेली असते, ना धर्म, ना भाषा. एकच शाखा निरनिराळ्या जातींत सापडते आणि एकाच जातीत चार-चार शाखा सापडतात.

मग मुलींनी काय करायचं?

इथपर्यंत वाचून मुली रुसल्या असतील. आमच्याकडे वायच नाही! बाबांच्या घराण्याचा धागा पाहायचा असेल, तर बाबांची, भावाची किंवा काकांची चाचणी करा. ती अडचण किरकोळ आहे. पण मला तुम्हाला दुसरंच सांगायचं आहे.

कागद घ्या. तुमचे आई-बाबा दोन. त्यांचे आई-बाबा मिळून चार. मग आठ, मग सोळा. दहा पिढ्या मागं गेलात की १,०२४ घरं होतात. तीस वर्षांची एक पिढी धरली, तर हा काळ साधारण शाहू महाराज साताऱ्याला चालले होते तेव्हाचा. त्या १,०२४ जणांत एकच पुरुष असा, ज्याचं वाय तुमच्या भावाकडे आलं आहे. उरलेल्या १,०२३ जणांबद्दल वाय चकार शब्द बोलत नाही. ते जे बोलतं ते खरं असतं, पण ते घराणं नव्हे, घराण्यातला एक धागा.

‘वंशाचा दिवा’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मुलगा झाला तर दिवा लागला, मुलगी झाली तर अंधार! आता या दिव्यात किती तेल आहे ते मोजू. बाबा मुलाला वाय देतात, ६ कोटी २० लाख अक्षरांचं. मुलीला देतात एक्स, सुमारे साडेपंधरा कोटी अक्षरांचं. बाकी बावीस गुणसूत्रं दोघांनाही एकेक. म्हणजे अक्षरं मोजायचीच तर बाबांकडून मुलीला जास्त मिळतात! आणि बाबांकडे एक्स एकच असतं, ते त्यांच्या आईचं. तुमच्या आजीचं. ते जवळजवळ तसंच्या तसं नातीकडे येतं. नातवाला ते मिळत नाही, कारण त्याला बाबांकडून वाय मिळालेलं असतं. ‘नातूच हवा’ म्हणून देवाला नवस बोलणाऱ्या आजींना कुणीतरी हे समजावून सांगायला हवं. आजी, तुमचं एक्स जपून ठेवलंय ते या नातीनं!

आणखी एक. मुलगा होणार की मुलगी, हे बाबांकडून एक्स येतं की वाय, यावर ठरतं. तरीही कितीतरी घरांत मुली झाल्या म्हणून बोल लावला जातो तो आईलाच.

आता दोन शब्द आई-बाबांशी. मुलं हा लेख वाचून चाचणीचा हट्ट धरतील. घाईनं करू नका. ही चाचणी कुतूहलासाठी असते, तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणी कंपनीकडून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली होती. मुलं अठरा वर्षांची होऊन स्वतः ठरवतील, तोवर थांबलेलं बरं. आणि घरातली एखादी झाकली मूठ चाचणीनं उघडली, तर ते ऐकायची तुमची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

चाचणी नसली तरी शोध आजपासून सुरू करता येतो. मघाचा कागद परत घ्या. खाली आपलं नाव, त्यावर आई-बाबा, त्यावर चार, त्यावर आठ. नावं भरू लागा. आजोबा, पणजोबा ही नावं पटापट येतील. घरच्या सातबाऱ्यावर असतील, हेळव्याच्या वहीत असतील. मग एकदम गाडी अडेल. पणजीचं लग्नाआधीचं नाव काय? तिचं माहेर कुठलं? सातबाऱ्यावर ते नाही. वहीत बहुतेक नावं पुरुषांची, तिथंही नाही. वाय गुणसूत्रावर तर नाहीच नाही. ते एकाच ठिकाणी मिळेल. दुपारी आजी तांदूळ निवडत बसली, की तिच्या शेजारी बसा, चार खडे तुम्हीही वेचा आणि विचारा : आजी, तुझ्या आईला माहेरी काय म्हणून हाक मारायचे गं?